करडांचा कोठा व अंगण

आपल्या वऱ्हाडात शेतीच्या जोडीस शेळी पाळण्याची चाल फार जुनी आहे. जमिनीचे तुकडे पडत चालले, बैलजोडी ठेवणे अनेकांस परवडेनासे झाले, तरी दावणीस दोन-चार बकऱ्या नाहीत असे घर खेड्यात विरळा. पऱ्हाटीचा पैसा एकदा येतो आणि तो बहुधा देणेकऱ्यांच्या हाती जातो. परंतु मृगाच्या तोंडावर बियाण्यास कमी पडलेली रक्कम, मुलाची शाळेची फी, अथवा घरातील आजारपण या गोष्टी पुष्कळदा एखादा बोकड विकून निभावतात, हे आम्ही महसुली नोकरीत गावोगाव फिरताना पाहिले आहे. शेळ्यांचे हे उत्पन्न बहुतेक ठिकाणी घरातील बाईच्या हाती असते. सबब ते कागदोपत्री दिसत नसले, तरी संसारास त्याचा आधार मोठा आहे.

अमरावती व अकोला हे जिल्हे ज्या शेळीचे माहेर होत, ती तांबूस अंगाची व लोंबत्या कानांची जात ‘बेरारी’ या नावाने कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्थेने स्वतंत्र जात म्हणून नोंदविली आहे. ही जात आपल्या उन्हास व आपल्या चाऱ्यास सरावलेली आहे. असे असता, शेळी चांगली, चारा बरा, आणि तरीही धंद्यात हाती काही उरत नाही, अशी तक्रार पुष्कळ खातेदार करितात. याचे मुख्य कारण करडांची मर होय.

हा हिशेब प्रत्येकाने एकवार मांडून पाहावा. समजा, दहा शेळ्यांपासून वर्षात १५ करडे झाली. चारा, ढेप, औषध व राखणदारी यांचा खर्च आठ करडांच्या किमतीइतका धरिला, तर सात करडांची किंमत निव्वळ नफा म्हणून उरते. त्याच १५ पैकी चार दगावली, तर खर्च बहुतेक तेवढाच होतो आणि नफा मात्र तीन करडांवर येतो. चार करडे मेली म्हणजे चौथा हिस्सा गेला असे आपण समजतो. वस्तुतः निम्म्याहून अधिक नफा गेलेला असतो. ही मर बहुतांशी पहिल्या तीन महिन्यांत होते, आणि ओल, थंड वारा, दाटी व घाण ही तिची मोठी कारणे आहेत. ही चारही कारणे जागेची आहेत. म्हणून करडू जन्मास येण्यापूर्वीच त्याच्या राहण्याची तजवीज कशी करावी, एवढ्याच विषयाचा विचार आम्ही या धड्यात करणार आहोत.

तयारी केव्हा करावी

शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा, म्हणजे पाच महिन्यांचा असतो. ज्येष्ठ-आषाढात लागलेल्या शेळ्या कार्तिक-मार्गशीर्षात वितात. त्या करडांस थंडीचे भय. पौष-माघात लागलेल्या शेळ्या उन्हाळ्याच्या अखेरीस अथवा पावसाच्या आरंभी वितात. त्या करडांस प्रथम उन्हाचे व मागाहून ओलीचे भय. यास्तव शेळी लागल्याची तारीख भिंतीवर किंवा वहीत लिहून ठेवावी, आणि विण्याच्या तारखेपूर्वी एक महिना कोठ्याची डागडुजी पुरी करावी. शेळी विल्यावर टिन शोधावयास निघणे म्हणजे पूर आल्यावर नाला बांधण्यासारखे आहे.

जागा व दिशा

कोठ्यास उंचवट्याची जागा पाहावी. आपली काळी जमीन कपाशीस उत्तम, परंतु कोठ्यास वाईट. ती पावसात फुगते, पाणी धरून ठेवते, आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. म्हणून कोठ्याच्या जागेवरील काळी माती दीड फूट खोल काढून वावरात टाकावी, त्या खड्ड्यात मुरूम भरून पाणी मारून चोपावा, आणि जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दीड फूट उंच घ्यावे. घराची मोरी किंवा उकिरडा कोठ्याच्या वरच्या अंगास नसावा.

कोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी आणि मोकळे अंग दक्षिणेस करावे. याचे कारण समजून घेणे अवश्य आहे. आपल्या प्रांतात नवतपाच्या सुमारास, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस, दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. तेव्हा दक्षिणेकडून ऊन आत शिरत नाही, वळचणीखाली सावलीच राहते. उलट डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेस कलून क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो, आणि त्याचे ऊन कोठ्यात आतपर्यंत पोहोचते. वळचण ७ फूट उंच व २ फूट पुढे काढलेली असून दक्षिणेची भिंत अडीच फूट उंच असेल, तर डिसेंबरात दुपारच्या वेळी भिंतीपासून अडीच ते पाच फुटांपर्यंतच्या जमिनीवर ऊन पडेल. एकच छप्पर उन्हाळ्यात सावली व हिवाळ्यात ऊन देते, आणि त्यास एक पैसाही अधिक लागत नाही.

पश्चिमेची भिंत पूर्ण उंचीची बांधावी, कारण दुपारनंतरचे ऊन, उन्हाळ्याच्या झळा व पावसाची झोड ही तिकडून येतात. उत्तरेची भिंत खालून चार फूट भरीव असावी व वर जाळी ठेवावी. हिवाळ्यात त्या जाळीस तुराट्यांचा कूड किंवा पोत्याचा पडदा लावावा. वारा करडांच्या डोक्यावरून जावा, अंगावरून जाऊ नये, हे सूत्र ध्यानात ठेविले म्हणजे भिंतीची उंची कोणास विचारावी लागत नाही.

छप्पर

कवेलूचे छप्पर सर्वांत बरे. टिन स्वस्त व टिकाऊ खरे, परंतु आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा उघड्या टिनाखाली करडे धापा टाकतात व दूध पिणे सोडतात. टिनच घालावयाचे असेल, तर त्यास वरून दाट चुना द्यावा आणि उन्हाळ्यापुरता त्यावर गवताचा अगर पऱ्हाट्यांचा थर पसरून दोरीने आवळावा. असा थर असता कोठ्याजवळ चूल अथवा शेकोटी करू नये. पऱ्हाटी क्षणात पेट घेते. छप्पर मध्यभागी १० फूट व वळचणीस ७ फूट उंच असावे, म्हणजे ऊष्ण हवा वरून निघून जाते.

किती जागा लागते

दाटीमुळे होणारे नुकसान डोळ्यांस दिसत नाही, म्हणून येथे आकडे देतो. मोठ्या शेळीस १२ चौरस फूट, बोकडास २० चौरस फूट, व्यालेल्या शेळीस तिच्या करडांसह वेगळ्या खणात २० चौरस फूट, तीन महिन्यांपर्यंतच्या करडास ३ ते ४ चौरस फूट, आणि तीन ते सहा महिन्यांच्या करडास ६ ते ८ चौरस फूट छपराखालील जागा धरावी. मोकळे अंगण याच्या दुप्पट असावे.

दहा शेळ्या, एक बोकड व १५ करडे यांचा तपशील येणेप्रमाणे होतो. शेळ्यांस १२० चौरस फूट, करडांस सरासरी ६ प्रमाणे ९०, बोकडास २०, विण्याचे दोन खण ४०, एकूण २७० चौरस फूट. कोठा २६ फूट लांब व १२ फूट रुंद बांधिला, तर ३१२ चौरस फूट जागा होते, आणि गव्हाणीस व येण्याजाण्यास ४२ फूट उरतात. शेळ्या, बोकड व करडे मिळून २३० फूट. त्याच्या दुप्पट ४६० फूट अंगण पाहिजे. कोठ्याच्याच लांबीस लागून दक्षिणेस १८ फूट रुंद अंगण घेतले, तर ४६८ चौरस फूट भरते. कोठा व अंगण मिळून ७८० चौरस फूट झाले. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. म्हणजे सर्व मांडणी पाऊण गुंठ्याच्या आत बसते. एवढी जागा कोणाही खातेदारास घराजवळ काढता येण्याजोगी आहे.

करडांचा खण

कोठ्याचा पूर्वेकडील भाग करडांस द्यावा, कारण तो पश्चिमेच्या झळांपासून दूर असतो व सकाळचे ऊन त्यास आधी मिळते. तीन महिन्यांखालील करडे व त्याहून मोठी करडे एकत्र ठेवू नयेत. मोठी करडे लहानांस गव्हाणीपासून ढकलतात, आणि मोठ्यांच्या लेंडीतून लहानांस रोग लागतो. मध्ये बांबूचा अडीच-तीन फूट उंच कूड घातला तरी काम भागते.

जमीन गुळगुळीत सिमेंटची करू नये. त्यावर कोवळे पाय घसरतात व हिवाळ्यात ती गार पडते. चोपलेल्या मुरुमावर कोरड्या कुटाराचा चार बोटे थर घालावा. ओला झालेला भाग रोज काढावा, आणि आठवड्यातून एकदा सर्व थर काढून खाली चुन्याची भुकटी भुरभुरवून नवा थर द्यावा. पावसाळ्यात झड लागली असता कुटार कोरडे राहत नाही. तेव्हा जमिनीपासून दीड फूट उंच असे बांबूचे मचाण करावे. त्याच्या पट्ट्यांतील फट अर्ध्या इंचाहून अधिक नसावी. फट मोठी राहिली तर करडाचा पाय अडकून मोडतो; आणि मुळीच ठेविली नाही तर लेंडी खाली पडत नाही. मचाणाखालची लेंडी दर आठवड्यास काढावी. तिचे खत कपाशीस व भाजीपाल्यास उत्तम होय.

आपल्याकडे शेळ्या रानात गेल्या म्हणजे करडे डालग्याखाली झाकून ठेवण्याची रीत आहे. पहिले आठ-दहा दिवस ती बरी. कुत्रे-मांजरापासून रक्षण होते. परंतु एका डालग्याखाली दोनच करडे असावीत, डालगे सावलीत असावे, आणि त्याखालील पोते रोज बदलावे. पंधरा दिवसांनंतर करडास डालग्यात कोंडू नये. त्यास हालचाल हवी असते.

थंडीत खणाच्या कोपऱ्यात गवत भरलेली जुनी लाकडी पेटी आडवी ठेविली, तर करडे तीत एकमेकांस बिलगून बसतात व ऊब धरितात. कोठ्यात शेकोटी पेटवून धूर करू नये. धुराने छाती भरते. विजेचा दिवा लावणे असल्यास तो जाळीच्या आवरणात, करडांच्या उडीच्या पलीकडे व कुटारापासून दूर टांगावा.

जन्माचे पहिले दिवस

जागेचा विषय असला, तरी येथे दोन गोष्टी सांगणे भाग आहे, कारण त्यांवाचून चांगला कोठाही व्यर्थ जातो. पहिली गोष्ट नाळेची. नाळ स्वच्छ दोऱ्याने बांधून दोन बोटांवर निर्जंतुक कात्रीने कापावी व टोक टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावे. घाणीतील जंतू याच वाटेने शरीरात शिरून सांधे सुजवितात. दुसरी गोष्ट चिकाची. वार पडेपर्यंत चीक पाजू नये ही समजूत घातक आहे. आतड्यास चिकातील रोगप्रतिबंधक द्रव्ये ओढून घेण्याची शक्ती पहिल्या काही तासांत सर्वांत अधिक असते व एका दिवसात ती बहुतेक संपते. म्हणून अर्ध्या ते एका तासात पहिला चीक पोटात गेला पाहिजे, आणि पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक चार-पाच वेळा मिळून जावा. दोन किलोच्या करडास हे प्रमाण सुमारे २०० मिलिलिटर होते. शेळीची कास प्रथम कोमट पाण्याने धुवावी व जुळी असल्यास अशक्त करडास आधी पाजावे.

अंगण

अंगणावाचून करडू वाढत नाही. उन्हाने त्याची हाडे बळकट होतात, उड्यांनी पाय भरतात, आणि खुरे झिजून नीट राहतात. अंगणात मधोमध दगडांचा दोन-अडीच फूट उंच ढीग किंवा चौथरा करावा. करडांस चढण्याची हौस स्वभावतःच असते. ती भागली म्हणजे ती गव्हाणीत उभी राहून चारा तुडवीत नाहीत.

सावलीकरिता अंगणाच्या कडेस कडूनिंब, सुबाभूळ, हादगा अगर शेवरी लावावी. झाड लहान असता बुंध्यास काट्यांचे अथवा पत्र्याचे वेष्टण घालावे, नाही तर साल सोलली जाऊन ते वाळते. हादगा, शेवरी व सुबाभूळ यांचा पाला करडांस आवडतो. मात्र सुबाभूळ एकट्याने पोटभर देऊ नये, इतर पाल्यात मिसळून द्यावी. पंधरा दिवसांचे करडू पाला चघळू लागते. तेव्हा कोवळ्या डहाळ्यांची जुडी त्याच्या तोंडाच्या उंचीवर टांगावी. जमिनीवर टाकलेला पाला तुडवला जातो, लेंडीने भरतो, आणि त्याबरोबर रोग पोटात जातो.

करडांच्या खाद्याकरिता अंगणाच्या एका कोपऱ्यात असा खण करावा की ज्याच्या कुडास सहा ते आठ इंच रुंदीच्या उभ्या फटी आहेत. करडे त्यातून आत जातात, शेळ्यांस जाता येत नाही. तेथे भरडलेला मका अथवा ज्वारी, तुरीची चुरी, थोडी ढेप व क्षारमिश्रण यांचा खुराक ठेवावा. दुधावरील करडू या खुराकाने लवकर सावरते व तीन महिन्यांनी तोडले असता खचत नाही.

पाण्याचे भांडे उथळ असावे व ते चौथऱ्यावर ठेवावे, म्हणजे त्यात लेंडी पडत नाही व करडूही बुडत नाही. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, दर्यापूर व त्याच्या आसपासच्या भागांत, विहिरीचे पाणी खारे असते. मोठी शेळी ते सोसते. करडांस मात्र गोडे पाणी पाजावे. कोठ्याच्या छपरावरील पावसाचे पाणी पन्हाळीने टाकीत घेतल्यास काही महिन्यांची सोय होते.

कुंपण व धोके

कुंपण साडेचार फूट उंच असावे व त्याच्या तळाशी चार इंचांहून मोठी फट नसावी, कारण कुत्री खालून शिरतात. आतून तारेची जाळी व बाहेरून बोरी-बाभळीचे काटे हे मिश्रण उत्तम. नायलॉनची मासेजाळी वापरू नये. तीत मान अडकून करडे गुदमरतात. अकोट, तेल्हारा, अचलपूर या मेळघाटाच्या पायथ्याच्या गावांत बिबट्याचे भय असते. तेथे रात्री अंगणावर विसंबू नये. जनावरे छपराखाली घेऊन दारास बळकट कडी लावावी व वरच्या जाळीस लोखंडी सळया बसवाव्यात. वन्यप्राण्याने जनावर मारिल्यास जागा न हलविता लागलीच वनखात्यास कळवून पंचनामा करून घ्यावा. उशिरा दिलेल्या वर्दीवर भरपाई मिळणे कठीण जाते.

आणखी काही धोके आपल्याच हातचे असतात. कपाशीवर फवारणीची औषधे व खतांची पोती कोठ्यात ठेवू नयेत. युरियाचे सांडलेले दाणे चाटल्याने जनावर थोड्याच वेळात मरते. सन २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने माणसे दगावली; जे विष धडधाकट माणसास आटोपत नाही, त्याच्यापुढे करडाचा काय पाड? फवारलेल्या वावराच्या धुऱ्यावरील गवतही कापून आणू नये. कन्हेर, धोतरा, घाणेरी, बेशरम व एरंडाचे बी अंगणाजवळ नसावे. कोवळ्या ज्वारीत विष असते, सबब ती निसवण्यापूर्वी करडांस घालू नये. बिनकठड्याच्या विहिरी व प्लास्टिक अंथरलेली शेततळी यांस कुंपण असावे. त्या प्लास्टिकवरून घसरलेल्या जनावरास वर चढता येत नाही.

रोग व जागा यांचा संबंध

एक ते चार महिन्यांच्या करडांस रक्ती हगवण लागते. तिचे सूक्ष्म जंतू ओल्या व उबदार जमिनीवर वाढतात. कोरडी जमीन हा तिजवरचा पहिला इलाज. फुफ्फुसदाह थंड वाऱ्याने व कोंडलेल्या मुताच्या वाफेने होतो. सकाळी कोठ्यात वाकून करडाच्या उंचीवर श्वास घ्यावा. आपले डोळे चुरचुरले, तर करडांची रात्र कशी गेली हे सांगावयास नको. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी आणि पीपीआर रोगाची लस करडू तीन-चार महिन्यांचे झाल्यावर द्यावी. जंताचे औषध पशुवैद्यांच्या सल्ल्याने वजनावर द्यावे, अंदाजाने देऊ नये. बाजारातून आणलेले जनावर तीन आठवडे वेगळे ठेवून मगच कळपात सोडावे.

ज्यांस ही मांडणी प्रत्यक्ष पाहावयाची असेल, त्यांनी पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे अमरावती जिल्ह्यातील पोहरा येथील प्रक्षेत्र पाहावे. अकोल्यास १९६९ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले असून त्याच शहरी पशुवैद्यकाची उच्च शिक्षणसंस्थाही आहे. जाताना आपल्या कोठ्याचे माप कागदावर काढून न्यावे. माप पुढे असले म्हणजे सल्ला नेमका मिळतो.

करावयाची कामे थोडक्यात

वैशाखात छप्पर, चुना व सावली पाहावी, आणि लस टोचून घ्यावी. ज्येष्ठात जोत्याभोवतीची चर साफ करून मचाण बांधावे व कोरडे कुटार झाकून ठेवावे. आश्विनात पडदे, पेटी व पोती तयार करावी. दर महिन्यास प्रत्येक करडाचे वजन करून वहीत लिहावे. ज्याचे वजन दोन महिने वाढले नाही, त्याच्या खणाची जमीन प्रथम तपासावी.

यातील बहुतेक वस्तू, म्हणजे मुरूम, बांबू, तुराट्या, कुटार व काटे, आपल्या गावातच मिळतात. लागते ती आठ-दहा दिवसांची मेहनत आणि रोजची अर्ध्या तासाची झाडलोट. ज्या घरी यंदा शेळी विणार आहे, तेथे जमीन चोपण्याचे काम याच आठवड्यात सुरू करावे, आणि वर्षअखेर जन्मलेली व जगलेली करडे वहीत समोरासमोर मांडावी. त्या दोन आकड्यांतील अंतर जसे कमी होईल, तसा हा कोठा आपली किंमत स्वतःच फेडील.